बडोद्यातून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट: हजार रुपयांत काय मिळतं आणि काय मिळत नाही

दरजीपुऱ्याच्या आरटीओमार्फत निघणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट ही बडोदेकरांच्या फार उपयोगाची सेवा आहे. दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या मराठी घरांत न्यू जर्सी, टोरांटो, दुबई किंवा सिडनीला कुणी ना कुणी असतंच. मुलाकडे काही महिने राहायला जाणारे आईवडील, एम. एस. युनिव्हर्सिटीतून पुढे शिकायला निघालेली मुलं, युरोपात आठ दिवस गाडी भाड्याने घेणारी जोडपी, सगळ्यांनाच हा कागद लागतो. शुल्क १,००० रुपये, मुदत जास्तीत जास्त एक वर्ष, अर्ज घरून करता येतो. आमच्या हिशेबी पाचापैकी चार गुण. एक गुण कापला तो एवढ्यासाठी की या परमिटावर विम्याबद्दल चकार शब्द नसतो आणि कोणत्या देशात ते किती दिवस चालेल हेही नसतं. परदेशात माणसं अडचणीत येतात ती नेमकी याच दोन बाबतींत.

आधी हे काय आहे ते नीट समजून घेऊ. रस्ता वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात ठरलेल्या नमुन्यात भारत सरकार हे परमिट देतं. ते स्वतंत्र लायसन्स नाही. आपल्या लायसन्सचं परदेशी पोलिसाला वाचता येईल असं भाषांतर आहे. म्हणून मूळ लायसन्सचं कार्ड सोबत नसेल तर नुसत्या परमिटाला किंमत नाही. भारतात डिजिलॉकरमधलं लायसन्स चालतं. परदेशात भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर प्लास्टिकचं कार्डच मागतात. ते हरवलं असेल तर आधी डुप्लिकेट काढा, मग परमिटाच्या मागे लागा.

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर होतो. गुजरात राज्य निवडायचं, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जायचं, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकायची. माहिती पडद्यावर आली की सेवांच्या यादीतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर खूण करायची. फॉर्म ४ए मध्ये कोणकोणत्या देशांत जाणार आणि किती काळासाठी, ते भरावं लागतं. जाताना वाटेत थांबून गाडी घेण्याचा बेत असेल, उदाहरणार्थ अमेरिकेला जाताना दुबईत चार दिवस, तर तो देशही इथेच लिहा. लायसन्स, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि फोटो अपलोड करायचे, पैसे भरायचे, पावती आणि अर्ज क्रमांक जपून ठेवायचा. मूळ कागद पाहायला बोलावलं तर गोल्डन चोकडीकडच्या आरटीओची चक्कर आहेच. त्या वेळी मूळ लायसन्स, पासपोर्ट आणि सगळ्याच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स बरोबर असू द्या.

व्हिसा आणि डॉक्टरचा दाखला यांची अट केंद्राने जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने काढून टाकली. ज्याच्याकडे वैध लायसन्स आहे त्याची तपासणी पुन्हा कशाला, आणि पोहोचल्यावर व्हिसा देणारे देश असताना तो आधी कुठून आणायचा, असा त्यामागचा साधा विचार होता. बदल चांगला आहे. तरी व्हिसा हातात आलेला असेल तर त्याची प्रत फाइलीत ठेवावी, त्याने काही बिघडत नाही.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा लायसन्सच्या जुन्या नोंदीमुळे. लायसन्स जुन्या पुस्तिकेच्या जमान्यातलं असेल आणि सारथीवर त्याची नोंदच नसेल, तर आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुन्या लायसन्सची ऑनलाइन नोंद, करून घ्यावी लागते. मोबाइल नंबर जुना असेल तर ओटीपी येत नाही. नूतनीकरण किंवा पत्ताबदलाचा अर्ज आधीच चालू असेल तर तो संपेपर्यंत दुसरा पुढे सरकत नाही. लायसन्स पुण्याचं आणि मुक्काम बडोद्याचा असेल तर पत्ताबदल आधी उरकावा. आणि नाव! लायसन्सवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. क्रेडिट कार्डावर नुसती आद्याक्षरं. परदेशातला काउंटरवरचा माणूस तिन्ही एकमेकांशी ताडून पाहतो. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर लायसन्सवरचं नाव पासपोर्टाप्रमाणे करून घेणं हाच पक्का उपाय. या सगळ्यासाठी निघण्याच्या महिनाभर आधी सुरुवात करावी, पण चार महिने आधी नको, कारण वर्षाची मुदत परमिट निघालं त्या दिवसापासून चालू होते.

दुसरी मुदत लोक विसरतात ती मूळ लायसन्सची. परमिट एक वर्ष किंवा लायसन्स संपेपर्यंत, जे आधी येईल तितकंच चालतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पंचावन्न ओलांडलेल्यांना लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं. त्यामुळे मुलाकडे निघालेल्या आईवडिलांनी पहिल्यांदा ती तारीख पाहावी. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येतं. चाळिशीनंतर त्यासाठी फॉर्म १ए वर डॉक्टरचा दाखला लागतो. आधी नूतनीकरण, मग परमिट, हाच क्रम ठेवा.

परमिट हातात आलं की तिथेच उघडून वर्ग तपासा. ए म्हणजे मोटरसायकल, बी म्हणजे चालकाशिवाय आठपर्यंत आसनं किंवा ३,५०० किलोपर्यंत वजनाची गाडी, सी जड मालवाहू, डी आठपेक्षा जास्त आसनांची, ई ट्रेलरसाठी. आपलं एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या वाहनाचं लायसन्स, बी मध्ये जातं आणि गिअरवाल्या दुचाकीचं लायसन्स ए मध्ये. फक्त कारचं लायसन्स असलेल्या माणसाने थायलंडला जाऊन स्कूटर भाड्याने घेतली तर कायद्याने तो विनालायसन्स आहे, आणि पडल्यावर प्रवास विम्याची कंपनी नेमकं हेच कारण देऊन हॉस्पिटलचं बिल नाकारते. ऑगस्ट २०२२ पासून देशभर परमिटाचा आकार आणि रंग एकच झाला असून त्यावर मूळ लायसन्सशी जोडणारा क्यूआर कोड असतो. ही सुधारणा मनापासून आवडली. पूर्वी प्रत्येक राज्याचं परमिट निराळं दिसायचं आणि खरं-खोटं ओळखायला परदेशी पोलिसाला काही साधन नव्हतं.

एजंटाबद्दल. लायसन्सची नोंद स्वच्छ असेल तर एजंटाची गरज नाही. तो हाच फॉर्म भरणार आणि हेच कागद अपलोड करणार. मात्र इंटरनेटवर डॉलरमध्ये पैसे घेऊन तीन किंवा पाच वर्षांचं ‘आंतरराष्ट्रीय लायसन्स’ विकणाऱ्या खासगी वेबसाइटींपासून कटाक्षाने दूर राहा. १९४९ च्या करारातलं परमिट एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचं असूच शकत नाही, आणि लायसन्स देणाऱ्या देशाने अधिकार दिलेल्या संस्थेशिवाय कुणाला ते देता येत नाही. जास्त वर्षांचा वायदा दिसला की समजायचं, हा कागद खोटा.

आता ते कुठे चालतं. जपानमध्ये फक्त १९४९ च्या नमुन्याचं परमिट मानतात, त्यामुळे आपलं तिथे उत्तम चालतं. ते परमिटाच्या तारखेपासून एक वर्ष किंवा जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्ष, जे आधी संपेल तिथपर्यंत. इटलीत युरोपबाहेरच्या लायसन्सबरोबर परमिट किंवा प्रमाणित भाषांतर सक्तीचं आहे. नसेल तर काउंटरवाला कदाचित गाडी देईलही, पण रस्त्यावर दंड आपल्यालाच. ब्रिटनमध्ये भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते आणि परमिट लागतही नाही. पण तिथे राहायला गेलेल्यांचे हे बारा महिने संपले की प्रोव्हिजनल लायसन्स काढून परीक्षा द्यावीच लागते. भारतीय लायसन्स तिथे बदलून मिळत नाही.

उलट बाजूही स्पष्ट आहे. चीनच्या मुख्य भूमीवर हे परमिट मानत नाहीत. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचंच परमिट मानतो, म्हणून आपलं १९४९ वालं तिथे निरुपयोगी. दा नांगला स्कूटर देणारा दुकानदार मात्र ते पाहून मान हलवतो आणि चावी देतो. दुकानदाराने चावी दिली म्हणजे कायद्याने परवानगी मिळाली असं होत नाही, आणि अपघातानंतर दुकानदार कुठेच नसतो. श्रीलंकेत नुसत्या परमिटावर न निघता तिथला तात्पुरता परवाना घ्यावा लागतो.

दुबईबद्दल बडोद्यात सर्वांत जास्त गैरसमज आहे. पर्यटक म्हणून गेलात तर भारतीय लायसन्स आणि परमिट यांवर भाड्याची गाडी चालवता येते. रेसिडेन्स व्हिसा मिळाला की त्याच परमिटाने चालवणं बेकायदा; तिथलं लायसन्स काढावं लागतं. नोकरीवर रुजू झाल्यानंतरही ‘परमिटाला अजून सात महिने आहेत’ म्हणून मित्राची गाडी चालवणारे लोक कायद्याने विनालायसन्स असतात आणि विमाही उभा राहत नाही.

अमेरिकेत देशाचा एक नियम नाही, राज्याराज्याचा आहे. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांवरील पाहुणा भारतीय लायसन्सवर चालवू शकतो, परमिटाची सक्ती नाही. पण तिथला रहिवासी झाला की दहा दिवसांत तिथलं लायसन्स घ्यायला हवं. टेक्ससमध्ये नव्या रहिवाशाला ९० दिवस मिळतात. कॅनडाच्या ओंटारियोत राहायला आलेल्याला ६० दिवस, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला सहा महिने. परमिटावर वर्षाची तारीख असली तरी या मुदती त्याहून लहान आहेत आणि त्याच लागू होतात. परदेशात असताना भारतीय वकिलातीमार्फत परमिटाच्या नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, ही सोयही २०२१ चीच. पण नव्या परमिटाने त्या देशाने दिलेली मुदत वाढत नाही.

ओंटारियोला निघालेल्या मुलांनी आणखी एक कागद इथूनच न्यावा: लायसन्स कधीपासूनचं आहे आणि कोणत्या वर्गाचं, हे सांगणारा आरटीओचा डीएल एक्स्ट्रॅक्ट. तोही सारथीवर मिळतो. तिथे गाडी चालवण्याचा जुना अनुभव सिद्ध झाला तर टप्प्याटप्प्याच्या लायसन्सपद्धतीतला प्रतीक्षेचा काळ वाचतो. नूतनीकरण झालेल्या कार्डावर पहिली तारीख नीट कळत नसेल, तर हा कागद फार उपयोगी पडतो.

आता विमा. परमिटाला १,००० रुपये पुरतात. विम्याकडे लक्ष दिलं नाही तर आयुष्यभराची बचत जाऊ शकते. परदेशात गाडी चालवताना तीन वेगवेगळी नुकसानं सांभाळायची असतात: दुसऱ्याला झालेली इजा आणि त्याच्या मालमत्तेची हानी, आपण चालवत असलेल्या गाडीची हानी, आणि आपला स्वतःचा दवाखाना. एका पॉलिसीत तिन्ही येतात असं धरून चालू नका.

इथून घेतलेली ओव्हरसीज ट्रॅव्हल पॉलिसी मुख्यतः तिसऱ्यासाठी असते. तिच्यात ‘पर्सनल लायबिलिटी’ असा रकाना असतो आणि मोठी रक्कम दिसते, पण वगळलेल्या बाबींत मोटर वाहनामुळे उद्भवलेली जबाबदारी जवळजवळ नेहमी असते. म्हणजे फुटपाथवर आपल्या धक्क्याने कुणी पडलं तर संरक्षण, गाडीच्या धक्क्याने पडलं तर नाही. काही पॉलिसींत भाड्याच्या गाडीच्या एक्सेसची, म्हणजे नुकसानीतल्या आपण भरायच्या वाट्याची, भरपाई असते. ती एक्सेसपुरतीच, लायबिलिटीची नाही. पॉलिसी घेताना एजंटाला विचारायचा प्रश्न हाच: मोटर लायबिलिटी वगळली आहे का, कोणत्या कलमात?

युरोपात भाड्याच्या गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने असतोच, तिथे काळजी गाडीच्या हानीची. सीडीडब्ल्यू, म्हणजे गाडीच्या हानीची जबाबदारी कमी करणारं कव्हर, घेतलं म्हणजे सगळं माफ नव्हे. एक्सेसची रक्कम आपण भरायची असते आणि ती हजार-दोन हजार युरोपर्यंत सहज जाते. टायर, काचा, गाडीचा तळ आणि छप्पर बहुतेक करारांत बाहेर ठेवलेलं असतं. पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं तर तेही आपल्याच खिशातून. इटलीच्या जुन्या शहरांतल्या झेडटीएल क्षेत्रात, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागात, गाडी शिरली की कॅमेरा टिपतो. दंड महिन्यांनंतर येतो, त्यावर भाड्याची कंपनी माहिती पुरवल्याचे पैसे वेगळे लावते, आणि कोणताही विमा दंड भरत नाही.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथे सर्वांत मोठा धोका दुसऱ्याच्या इजेचा. कॅलिफोर्नियाची कायद्याने सक्तीची किमान लायबिलिटी १ जानेवारी २०२५ पासून एका माणसाच्या इजेसाठी ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या माणसांसाठी ६०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० डॉलर आहे. त्याआधी १५,०००, ३०,००० आणि ५,००० होती. तिथल्या हॉस्पिटलच्या दरांत ३०,००० डॉलर काही दिवसांत संपतात. उरलेला दावा चालकावर. म्हणून एसएलआय नावाचं जादा लायबिलिटी कव्हर, जे अनेकदा दहा लाख डॉलरपर्यंत असतं, ते घ्यावंच असं आमचं ठाम मत आहे. गाडीच्या हानीसाठी एलडीडब्ल्यू वेगळं. पैसे कमी असतील तर आधी एसएलआय, मग एलडीडब्ल्यू. गाडी मोडली तर नुकसान गाडीच्या किमतीपुरतं. माणूस जखमी झाला तर त्याला मर्यादा नाही.

इथे एक पैसे वाचवणारी गोष्ट. मोठ्या कंपन्यांच्या साइटवर बुकिंग करताना ‘राहण्याचा देश’ भारत असा नोंदवला तर अनेकदा एलडीडब्ल्यू आणि जादा लायबिलिटी भाड्यातच धरलेला दर दिसतो, जो तिथल्या काउंटरवर रोजच्या रोज जोडत गेलेल्या कव्हरपेक्षा बराच स्वस्त पडतो. अमेरिकेतल्या भाच्याने त्याच्या खात्यावरून बुक केलं तर हा दर मिळत नाही. छापील व्हाउचर बरोबर ठेवा आणि काउंटरवर आधीच भाड्यात असलेलं कव्हर पुन्हा गळ्यात मारलं जात नाही ना, ते सही करण्याआधी वाचा. डिपॉझिटसाठी मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. पंचवीसच्या आतल्या चालकाला रोजचा जादा आकार असतो.

करारात नाव नसलेल्या माणसाने स्टिअरिंग हातात घेतलं की सगळं कव्हर जातं. थकलेल्या मुलाऐवजी बाबांनी तासभर चालवली, एवढ्यावरही. दुसरा चालक नोंदवायला थोडेच पैसे लागतात. ते वाचवू नयेत.

मुलाच्या स्वतःच्या गाडीचा प्रश्न वेगळा. अमेरिकेत परवानगीने कधीतरी चालवणाऱ्याला मालकाची पॉलिसी बहुधा सांभाळते, पण त्याच घरात महिनोन्महिने राहणाऱ्या माणसाचं नाव पॉलिसीत नसेल तर काही कंपन्या दावा नाकारतात किंवा फक्त राज्याच्या किमान मर्यादेइतकाच देतात. मुलाने आपल्या विमा कंपनीला फोन करून आईवडिलांचा मुक्काम किती, लायसन्स कुठलं, हे सांगून नाव जोडून घ्यावं आणि लेखी उत्तर मागावं. ब्रिटनमध्ये तर विमा बहुतेक नावानेच असतो: नाव नसेल तर विमा नाही, त्याला ३०० पौंड दंड, लायसन्सवर सहा दंडाचे पॉइंट, आणि गाडी जागेवर जप्त होऊ शकते.

ऑस्ट्रेलियात गाडीच्या रजिस्ट्रेशनबरोबर येणारा सक्तीचा सीटीपी विमा माणसांच्या इजेपुरता असतो. समोरच्याच्या गाडीची मोडतोड त्यात नाही. न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या इजेचा उपचार सरकारी योजनेतून पाहुण्यालाही मिळतो, पण थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. म्हणून तिथे ओळखीच्याची गाडी घेताना तिला विमा आहे का, हे आधी विचारावं लागतं. जपानमध्ये किरकोळ खरचटलं तरी पोलिसांना बोलवायचं. पोलिसांचा अहवाल नसेल तर कव्हर लागू होत नाही, आणि गाडी दुरुस्तीत अडकल्याचा ‘नॉन ऑपरेशन चार्ज’ वेगळा भरावा लागतो.

शेवटी उलट्या दिशेची वाहतूक. नवरात्रात आणि उत्तरायणाला परदेशातली मंडळी बडोद्यात येतात आणि घरची गाडी मागतात. नुसत्या अमेरिकन किंवा ब्रिटिश लायसन्सवर ती देऊ नका. त्यांनी आपल्या देशातून १९४९ चं परमिट आणलेलं हवं: अमेरिकेत ते ट्रिपल ए ही संस्था २० डॉलरला देते, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून पोस्टाऐवजी पेपॉइंटच्या दुकानांत साडेपाच पौंडांना मिळतं. इथे उतरल्यावर आपल्या आरटीओतून ते मिळत नाही, कारण परमिट लायसन्स देणाऱ्या देशाचंच लागतं. परत राहायलाच आलेल्यांसाठी मात्र चांगली तरतूद आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, वैध परदेशी लायसन्स असलेल्याला त्या वर्गाच्या भारतीय लायसन्ससाठी चाचणी द्यावी लागत नाही. वैद्यकीय अट पाळावी लागते.

परमिट नसताना गाडी दिली तर मोटर वाहन कायद्यात चालकाला ५,००० रुपये दंड आणि गाडी देणाऱ्या मालकालाही ५,०००. आपल्या मोटर पॉलिसीत ‘वैध लायसन्स असलेला चालक’ ही अट असते, त्यामुळे गाडीच्या हानीचा दावा नाकारला जातो. समोरच्याला विमा कंपनीने भरपाई दिली तरी ती मालकाकडून वसूल करू शकते. पाहुण्याला तिकीट काढल्याचा फोन येईल त्याच फोनवर परमिटाचं सांगून ठेवा, आणि आल्यावर चावी देण्याआधी परमिटाचं वर्गांचं पान आणि तारीख बघून घ्या.